रूळ रंगवल्यावर इंजिन अडखळतं? माथा घासणं थांबवा, आधी हे तपासा

मॉडेल रेल्वेच्या रुळांवर गंजाचा रंग चढला, स्लीपर उन्हापावसात पिकल्यासारखे दिसू लागले, मधल्या खडीवर तेलाचे डाग पडले की लेआउट एकदम खरा वाटायला लागतो. आणि नेमकी त्याच सुमारास इंजिनं अडखळायला लागतात. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी एकच उपाय पुन्हा पुन्हा करून पाहिलेला असतो: रुळाचा माथा घासायचा. घासलं की थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माथ्यावरचा रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळे तोच काढतात. बिघाड करणारा रंग सहसा दिसतच नाही. धातू जिथे धातूला टेकतो तिथल्या फटीत तो शिरून बसलेला असतो: दोन रूळ जोडणाऱ्या जॉइनरच्या आत, गाडीचा मार्ग बदलणाऱ्या पॉइंटच्या हलत्या पातीमागे, रुळाच्या आतल्या कडेला, चाकाच्या पाठीवर. पातळ केलेला रंग अशा फटींत केशाकर्षणाने आपोआप ओढला जातो. वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, तर मुद्दाम त्याच गुणासाठी वापरतात, मग तो स्लीपरच्या खाचेत शिरतो तसाच जॉइनरमध्येही शिरणार. खाली दिलेल्या सगळ्या तपासण्या या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

क्रम सोप्याकडून अवघडाकडे, फुकटाकडून खर्चिकाकडे आहे. तो मोडू नका. पहिल्या फटक्यात सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं की चांगले जोडही बिघडतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा.

- प्रत्येक इंजिन ठरावीक जागीच झटका खातं किंवा थांबतं, बोटाने किंचित ढकललं की पुढे जातं. बहुधा आतल्या कडेवरचा रंग किंवा जॉइनर.
- एकच इंजिन सगळीकडे अडखळतं, बाकीची ठीक चालतात. चाकं किंवा पिकअप (चाकांतून वीज घेणाऱ्या पट्ट्या).
- रंगवल्यावर सगळं छान चाललं, काही आठवड्यांनी अख्खा तुकडा अचानक मेला. जॉइनर, जवळजवळ नक्कीच.
- इंजिन पॉइंटवर थांबतं, तेही एकाच दिशेला वळताना. पातीचा संपर्क.
- डीसीसी (डिजिटल नियंत्रणाच्या) लेआउटवर आवाज तुटतो, हेडलाइट लुकलुकतो. वरच्यापैकी काहीही, फक्त लवकर दिसलेलं. इंजिनातल्या डीकोडरला (डिजिटल आदेश वाचणाऱ्या सर्किटला) क्षणभराचा खंडही जाणवतो, साधं डीसी इंजिन मात्र तो आपल्या वेगाच्या जोरावर पार करून जातं.
- डीसीसीचा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं यंत्र) एखाद्या जागी सारखा ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. हा उलटा दोष आहे. वीज पोचत नाही असं नव्हे, नको तिथून नको तिथे जाते. याचा समाचार पॉइंटच्या भागात आणि शेवटी घेतलाय.
- साफ केल्यावर कपड्यावर तपकिरी रंग येतच राहतो, कितीही पुसलं तरी. तुमचं सॉल्व्हेंट चुकलंय.

१. दोष रुळाचा की इंजिनाचा

याला काहीच लागत नाही, म्हणून हे पहिलं. दोन इंजिनं घ्या आणि एकामागून एक, अगदी संथ वेगात, अख्ख्या लेआउटवर फिरवा. जिथे थांबेल तिथे रुळाशेजारी कागदाचा बारीक कपटा ठेवा. दोन्ही इंजिनांचे कपटे एकाच जागी पडले तर दोष रुळात. कपटे विखुरले तर दोष चाकांत.

चाचणीचं इंजिन लहान असावं. चार चाकांचं शंटिंग इंजिन यासाठी उत्तम, कारण त्याला वीज घ्यायला जागाच कमी. एक चाक रंगावर आलं तरी ते कुरकुरतं. मोठं सहा ॲक्सलचं डिझेल त्याच जागेवरून डौलात निघून जाईल आणि तुम्हाला वाटेल रूळ ठीक आहे. ज्या इंजिनात वीजखंड भरून काढणारा कीप-अलाइव्ह कपॅसिटर बसवलेला आहे ते तर चाचणीला घेऊच नका, ते दोष झाकतं. वेगही कमीच हवा. जोरात पळणारं इंजिन लहानसहान खंड ओलांडून जातं.

२. रुळाची आतली कड

खोलीतला दिवा बंद करून टॉर्च रुळाच्या पातळीला आडवा धरा आणि कपटे ठेवलेल्या जागा आतल्या बाजूने बघा. एचओ (१:८७) मापाच्या रुळाचा माथा जेमतेम १ मिमी रुंद असतो. चाक या माथ्यावर सपाट बसत नाही. त्याच्या धावेला, म्हणजे रुळावर टेकणाऱ्या भागाला, हलका उतार असतो, शिवाय वळणावर फ्लँज, म्हणजे चाकाची बाहेर आलेली कड, रुळाच्या आतल्या कडेला घासत चालते. म्हणजे विजेची खरी देवाणघेवाण बरीचशी आतल्या कोपऱ्यावर होते, आणि बोटावर कपडा गुंडाळून पुसणारा माणूस नेमका तो कोपरा सोडतो. माथा चकाकतो, कडेवर रंगाची केसाएवढी रेघ राहते.

ती काढायला लाकडी काडी घ्या. आइसक्रीमची काडी तिरकी कापली की छान धार मिळते. टोक सॉल्व्हेंटमध्ये जरासं बुडवून कडेवरून ओढा. लाकूडच का? ते रंग खरवडतं, धातूला ओरखडा पाडत नाही. पॉलिशपेपरने पडलेल्या बारीक चरांत काजळी साठते आणि रूळ पूर्वीपेक्षा लवकर काळे होतात. रुळांसाठी मिळणारा मऊ अपघर्षक रबर अधूनमधून चालेल. खरखरीत पॉलिशपेपर आणि तारेची घासणी अजिबात नको. घासणीचे लोखंडी कण इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ओढून घेतं आणि मग ते आतून काढणं हे वेगळंच प्रकरण होऊन बसतं.

घासण्याआधी रुळाला एक लहान चुंबक लावून बघा. आजचे बहुतेक रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. नावात चांदी असली तरी आत चांदीचा कणही नसतो. त्यांना चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर तुमचा रूळ पोलादी आहे. पोलादी रुळावर मुलामा असेल तर घासण्याने तो जातो, आणि त्यावर पाण्यातला वॉश किंवा खडीचा गोंद पडला की खराखुरा गंज चढतो. अशा रुळावर घासकाम कमीत कमी करा आणि पुढच्या वेळी पाण्यातले वॉश टाळा. सगळा लेआउट जुन्या पोलादी रुळांचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: दिसणाऱ्या भागापुरते तरी निकेल सिल्व्हरचे रूळ टाका. त्या गंजाशी कायमची लढाई कोणी जिंकलेली मी पाहिलेली नाही.

३. तुम्ही साफ करताय की रंग पसरवताय?

हा मुद्दा सर्वांत जास्त लोकांच्या ध्यानात येत नाही. दोष पुन्हा पुन्हा येण्याचं मुख्य कारण मला तरी हेच सापडत आलंय.

रुळाच्या बाजूंना ॲक्रिलिक रंग दिलेला असतो आणि सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलने केली जाते. हे अल्कोहोल वाळलेला ॲक्रिलिकही मऊ करतं. भिजलेला कपडा माथ्यावरून फिरला की त्याचा ओघळ बाजूंवर उतरतो, तिथला रंग सुटतो, आणि कपडा तोच रंग पुढच्या फूटभर माथ्यावर लिंपत जातो. अल्कोहोल उडून जातं, रंगाची अतिपातळ साय उरते. ती डोळ्यांना दिसत नाही, चाकांना मात्र बरोबर कळते. दोन दिवसांनी इंजिन अडखळलं की पुन्हा अल्कोहोल. चक्र चालू राहतं आणि दर खेपेला बाजूचा रंग थोडा थोडा फिका होत जातो. रुळाच्या बाजू ठिगळांसारख्या दिसत असतील तर हेच घडतंय असं समजा.

यावर उपाय म्हणजे रंग आणि सॉल्व्हेंट वेगवेगळ्या जातीचे ठेवणं. बाजूंवर ॲक्रिलिक असेल तर माथा व्हाइट स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळलेल्या ॲक्रिलिकवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. बाजूंवर इनॅमल असेल तर उलट करा: अल्कोहोल वापरा, कारण व्हाइट स्पिरिट हेच इनॅमलचं थिनर आहे. रंग कोणता दिलाय हे आठवत नसेल तर आडबाजूच्या रुळावर इअरबडने दोन्ही लावून बघा. ज्याने इअरबडला रंग लागला ते बाटलीत परत.

कपडा ओला नको, दमट हवा. तो लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर ताणून बसवा म्हणजे माथ्याखाली झुकणार नाही. दोन्ही द्रव ज्वलनशील आहेत, त्यामुळे सफाईच्या वेळी लेआउटची वीज बंद आणि खिडकी उघडी हवी. रूळ पूर्ण कोरडे झाल्याशिवाय इंजिन सोडू नका. चाकाखाली बारीक ठिणग्या उडतच असतात.

४. चाकं

रुळावरचा सगळा रंग काढला आणि चाकांवरचा राहिला तर गाडी तो अर्ध्या तासात परत रुळावर छापते. म्हणून रूळ साफ झाल्यावर लगेच चाकं. रुळांवर आडवा पेपर टॉवेल टाका, त्यावर सॉल्व्हेंटचे चार थेंब. इंजिनाची अर्धी चाकं कागदावर आणि अर्धी उघड्या रुळावर राहतील असं धरून मोटर संथ फिरवा. कागदावर काळ्या-तपकिरी रेघा उमटतील. बाजू बदला, कागद स्वच्छ राहीपर्यंत करा. काही चाकांना रबरी ट्रॅक्शन टायर असतात. त्यांना भिजवत ठेवू नका, ते फुगतात आणि निसटतात.

डब्यांची चाकं विसरू नका. त्यांना वीज लागत नसली तरी रंग वाहून न्यायचं काम ती इमानेइतबारे करतात. प्लास्टिकची तर जास्तच.

चाकं स्वच्छ होऊनही तेच एक इंजिन रडत असेल तर ते उलटं करून चाकांच्या पाठी बघा. पुष्कळ इंजिनांत वीज चाकाच्या पाठीला टेकणाऱ्या पातळ पट्ट्यांतून आत जाते. पॉइंटच्या चेकरेलच्या (चाकाला वाट दाखवणाऱ्या छोट्या जोडरुळाच्या) आतल्या बाजूला रंगाचा जाड थर असेल तर तो चाकाच्या पाठीला लागतो, तिथून पट्टीवर जातो. दमट इअरबडने पाठ आणि पट्टी पुसा. पट्टी चाकाला टेकत नसेल तर चिमट्याने अगदी हलकेच वाकवा. जोर लावला तर ती ब्रेकसारखी दाबून बसते.

५. पावडर आणि खडीचे कण

पिगमेंट पावडर रुळांवर सुंदर दिसते, पण मॅट वार्निशने बसवली नसेल तर चाकांबरोबर उडत राहते. व्हॅक्यूमच्या नळीवर पातळ कापड बांधून सगळे रूळ एकदा ओढून घ्या. कापडामुळे सुटलेला एखादा बारीक भागही हाती लागतो.

सगळ्या पावडरी सारख्या नाहीत. लाल-तपकिरी लोहऑक्साइड चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, पण काळं लोहऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, चांगलं चिकटतं. डबी उघडण्याआधी बाहेरून चुंबक फिरवून बघा. पावडर त्याच्यामागे सरकली तर ती मोटरच्या चुंबकालाही जाऊन चिकटेल, अशी पावडर रुळांपासून लांब ठेवा. ग्रॅफाइटची चकाकती पावडरही तशीच जोखमीची, वेगळ्या कारणाने: ती वीज वाहते. इन्सुलेटेड जॉइनरच्या फटीत ती भरली तर वेगळे ठेवलेले दोन भाग एकमेकांशी बोलायला लागतात.

६. जॉइनर: इथे मल्टिमीटर काढा

इथपर्यंतचं सगळं करून कपटे त्याच जागी पडत असतील, किंवा अख्खा तुकडा मेलेला असेल, तर जॉइनर तपासायचे. जॉइनर म्हणजे दोन रुळांच्या तळाला पकडून ठेवणारी घडी घातलेली पत्र्याची पट्टी. ती वीज नेते ती केवळ दाबावर. रंग किंवा खडीचा गोंद आत शिरला की पत्रा आणि रूळ यांच्यात थर तयार होतो. सुरुवातीला दोनचार बिंदू टेकलेले असतात, म्हणून चालतं. मग तापमान बदलतं, रूळ थोडे सरकतात, ते बिंदूही सुटतात. १ मीटर निकेल सिल्व्हरचा रूळ २० अंशांनी तापला तर साधारण ०.३ मिमी वाढतो. एवढी हालचाल पुरते. काही आठवड्यांनी अचानक मेलेल्या तुकड्यामागे ही गोष्ट असते.

बंद गोलाकार रुळात हा दोष आणखी लपतो. तिथे प्रत्येक जागेला वीज दोन्ही बाजूंनी पोचते. पहिला जॉइनर गेला तरी कळत नाही, वीज फेरा मारून दुसरीकडून येते. दुसरा गेला की मधला तुकडा एकदम गार. मग माणूस कालपर्यंत ठीक होतं म्हणून काल काय बदललं ते शोधत बसतो, आणि पहिला जॉइनर कधीच गेलेला असतो.

तपासणी अशी करा. वीज बंद, कंट्रोलरच्या वायरी सोडवलेल्या, रुळांवरची सगळी इंजिनं आणि दिव्यांचे डबे बाजूला. नाहीतर मीटर त्यांच्यातून वाट काढून खोटा आकडा देतो. मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. ०.२ किंवा ०.३ असं काही दिसेल, तो वायरींचा स्वतःचा रोध, पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. आता एकाच रुळावर, जोडाच्या अलीकडे एक टोक, पलीकडे दुसरं. उरलेला आकडा शून्याच्या जवळ हवा. १ ओहमच्या वर गेला, किंवा रूळ बोटाने दाबल्यावर नाचू लागला, तर तो जॉइनर गेला. बंद गोलात मोजताना लक्षात ठेवा की जोड पूर्ण तुटलेला असला तरी मीटर फेरा मारून आलेला रोध दाखवेल. त्यामुळे एका जागचा जॉइनर सरकवून गोल आधी उघडा करून घेतलेला बरा.

एवढ्याशा ओहमने काय बिघडतं? समजा इंजिन अर्धा अँपिअर घेतंय आणि जोडाचा रोध २ ओहम आहे. तिथे १ व्होल्ट खर्च झाला. असे पाच जोड रांगेत असले तर ५ व्होल्ट गेले. १२ व्होल्टच्या लेआउटवर दूरच्या कोपऱ्यात इंजिन रांगायला लागतं ते यामुळे.

मीटरचा स्वतःचा प्रवाह अगदी कमी असतो. म्हणून कधीकधी ओहम बरे दिसतात आणि इंजिनाचा भार आला की जोड कोलमडतो. शंका असेल तर मोटारगाडीतला १२ व्होल्ट ५ वॉटचा बल्ब लेआउटच्या दूरच्या टोकाला रुळांवर जोडा, कंट्रोलर एका जागी स्थिर ठेवा, आणि पुरवठ्याजवळचं व बल्बजवळचं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक मी सोडून देतो. १ व्होल्टच्या वर गेला तर जोडाजोडाने मागे येत कुठे पडतोय ते शोधा. डीसीसीवर साधा मीटर एसी रेंजमध्ये अचूक आकडा देत नाही, पण दोन जागांची तुलना करायला पुरतो.

खराब जॉइनर सापडला की सॉल्व्हेंटचा थेंब सोडून तो पुढेमागे सरकवून बघता येईल. खडी न चिकटवलेल्या रुळावर हे जमतं. खडी चिकटलेली असेल तर जॉइनरचा नाद सोडा आणि त्याला वळसा घाला: जोडाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांना बाहेरून एक छोटी वायर सोल्डर करा, मध्ये थोडी सैल. सैल अशासाठी की रुळांची ०.३ मिमीची ये-जा चालू राहावी. जॉइनरच सोल्डरने भरून टाकला तर ती जागा जाते आणि उन्हाळ्यात रूळ वाकडे होतात. वळणावर एखाददुसरा जोड भरलेला चालतो, सरळ मार्गावर सगळे नकोत.

सोल्डरिंगच्या गोष्टी थोडक्यात. जागा फायबरग्लास पेन्सिलने उजळ करा, रंगावर सोल्डर बसत नाही. रुळाला आणि वायरला आधी वेगवेगळं सोल्डर लावून घ्या, मग जोडा. दोन्ही बाजूंना ओल्या टिश्यूचे बोळे ठेवा म्हणजे स्लीपर वितळणार नाहीत. टोक तापलेलं हवं आणि स्पर्श दोनतीन सेकंदांचा. थंड टोकाने रेंगाळल्यामुळेच प्लास्टिक जास्त वितळतं. फ्लक्स रेझिनचाच, नळकामाचा आम्लयुक्त नको. तो मागे राहून जोड खातो.

आणि वायर जोडण्याआधी तो जॉइनर धातूचाच आहे ना ते बघा. प्लास्टिकचा असेल तर तिथली वीज कोणीतरी मुद्दाम तोडलेली आहे: वेगळा सेक्शन, रिव्हर्सिंग लूप (गाडीला उलट दिशेने परत आणणारा फेरा) किंवा पॉइंटचा फ्रॉग (दोन मार्गांचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात ती जागा). तिथे वायर टाकलीत तर शॉर्ट.

७. पॉइंट

पॉइंट सर्वांत नाजूक, म्हणून शेवटी. तिथे चार गोष्टी बिघडतात.

पातीचा संपर्क पहिला. पुष्कळ पॉइंटमध्ये पाती बाजूच्या रुळाला टेकते तेव्हाच पुढच्या रुळांना किंवा फ्रॉगला वीज मिळते. त्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये रंग गेला की पॉइंट दिसायला पूर्ण वळलेला असतो, पण वीज वळलेली नसते. इंजिन पाती ओलांडतं आणि बंद पडतं, एकाच मार्गावर. जाड कागदाची पट्टी सॉल्व्हेंटने दमट करून पाती आणि रूळ यांच्यामध्ये धरा, पाती बोटाने हलकी दाबा, पट्टी ओढून घ्या. रंग येईनासा होईपर्यंत. मग दुसऱ्या बाजूला तेच. इथे तेल टाकायचा मोह होतो, टाकू नका. तेलात पावडर मिसळून दोन दिवसांत लेप तयार होतो.

दुसरं टायबार, म्हणजे दोन्ही पात्यांना जोडणारी आडवी पट्टी. रंग किंवा खडीचा गोंद खाली जाऊन तो स्लीपरला चिकटतो आणि पाती अर्ध्यावर थांबते. पांढऱ्या पीव्हीए गोंदाला कोमट पाण्याचे थेंब पुरतात. दहा मिनिटं थांबा, मग हलवा. जबरदस्ती केली तर पातीचा सांधाच तुटतो. मोटरने ढकलून बघणं म्हणजे तीच जबरदस्ती.

फ्लँजच्या खाचेत खडीचा एखादा दाणा किंवा रंगाची गाठ असली तर इंजिन थांबत नाही, उड्या मारतं किंवा घसरतं. काडीने खाच साफ करा. मापाची शंका असेल तर एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेचा गेज (मापपट्टी) बसवून बघा.

चौथी गोष्ट उलटी आहे. प्लास्टिक फ्रॉगच्या पॉइंटमध्ये दोन विरुद्ध ध्रुवांचे रूळ फ्रॉगच्या टोकाशी अगदी जवळ येतात. चाकाची धाव रुंद असली तर ती क्षणभर दोन्हींना टेकते आणि डीसीसीचा बूस्टर ट्रिप होतो. माथा घासून लख्ख केल्यावर हे सुरू झालं असेल तर आश्चर्य नको, तुम्ही नकळत असलेलं इन्सुलेशन काढलंत. टोकाजवळच्या त्या दोन रुळांच्या माथ्यावर काही मिलिमीटर पारदर्शक नेलपॉलिश लावा. अख्ख्या लेआउटवर रुळाच्या माथ्यावर रंग असावा अशी ही एकच जागा.

पातीचा संपर्क वर्षातून तीनदा साफ करावा लागत असेल तर सफाईवर अवलंबून राहणं सोडा. पातीला तिच्या बाजूच्या रुळाशी वायरने जोडा आणि फ्रॉगची वीज पॉइंट मोटरच्या स्विचमधून द्या. पण आधी फ्रॉग आणि पाती एकमेकांपासून वेगळ्या आहेत का ते मीटरने बघा. नसतील तर तशी फट कापावी लागते. पॉइंट अजून बसवलेला नसेल तर घरी होईल. चिकटवलेल्या, खडी भरलेल्या पॉइंटमध्ये हे काम जाणकाराकडून करून घ्या.

पुढच्या वेळी रंगवताना

आधी फीडर वायरी (रुळाला खालून थेट वीज देणाऱ्या), मग गाडी चालवून चाचणी, मग रंग, मग खडी. प्रत्येक सुट्या तुकड्याला स्वतःची फीडर वायर असली तर जॉइनरमध्ये रंग गेला तरी फरक पडत नाही. या लेखातली निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. जॉइनरवर आणि पॉइंटच्या पातीजवळ स्प्रे नको, ब्रश घ्या, तोही जवळजवळ कोरडा. रंगवताना पाती एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला करा आणि टेकणारी जागा कोरीच ठेवा. हातभर रूळ रंगवून झाला की माथा लगेच पुसा, वाळू देऊ नका. एअरब्रश वापरत असाल तर माथ्यावर टेपची बारीक पट्टी हवीच.

स्लीपरवरचा रंग पापुद्र्यांनी सुटत असेल तर तो विजेचा दोष नाही, पण ते पापुद्रे चाकांखाली येतात. रूळ साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, प्राइमर द्या. लवचीक रूळ आधी वाकवून बसवा आणि मग रंगवा, उलटं केलं की स्लीपरच्या पकडीपाशी रंग तडकतो.

कुठे थांबायचं

खडीचा गोंद ओला असताना डीसीसी ट्रिप होत असेल तर काहीच करू नका. ओला गोंद वीज वाहतो. वीज बंद करा, एक-दोन दिवस वाळू द्या, मग बघा.

डीसीसी असेल तर इन्सुलेटेड मुठीचा स्क्रूड्रायव्हर दूरच्या कोपऱ्यात दोन्ही रुळांवर क्षणभर आडवा टेकवा. बूस्टर लगेच ट्रिप व्हायला हवा. होत नसेल तर वायरिंगचा रोध इतका आहे की खऱ्या शॉर्टच्या वेळी संरक्षण काम करणार नाही आणि चाक किंवा वायर तापून प्लास्टिक वितळेल. हे दुरुस्त होईपर्यंत त्या भागात गाडी चालवू नका. फीडर वायरी वाढवूनही ट्रिप होत नसेल तर वायरिंग जाणकाराला दाखवा. साध्या डीसी कंट्रोलरवर ही चाचणी करू नका, सगळ्यांमध्ये शॉर्टपासून संरक्षण असतंच असं नाही.

कंट्रोलर किंवा ॲडॉप्टर गरम होतोय, गुणगुणतोय, जळका वास येतोय: प्लग काढा, झाकण उघडू नका. आत घरगुती विजेचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ राहतो. ते काम इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याचं. रुळांवर स्थिर १२ व्होल्ट मिळत असूनही इंजिन हलत नसेल, किंवा डीकोडर प्रोग्रामिंग रुळावर (त्याच्या सेटिंग बदलायच्या वेगळ्या रुळावर) उत्तरच देत नसेल, तर तो रंगाचा विषय नाही; मॉडेल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. हाताने बनवलेला पॉइंट आणि सोल्डर सुटलेली पाती यांनाही हेच लागू. पाती परत बसवताना अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे कायमचं घसरणं.

दुरुस्तीला देताना कागदाचे कपटे कुठे पडले त्याचा फोटो, जोडाजोडाचे ओहमचे आकडे, आणि रंग व सॉल्व्हेंट कोणत्या जातीचे वापरले हे सोबत लिहून द्या. कारागिराचा बराचसा वेळ नाहीतर हेच शोधण्यात जातो.